मागचा डावा पाय

रविवार, संक्रांतीनंतरचा पहिला. वेळ सकाळची, दुसरा चहा झाल्यावर. स्थळ: धारूर, शिनगाऱ्यांच्या घराची मधली खोली. हजर: वसंतराव शिनगारे ऊर्फ तात्या, त्यांच्या पत्नी शकुंतलाकाकू, परीक्षक म्हणून, त्यांचा मुलगा संदीप, पुण्याहून सामान हलवायला आलेला, घड्याळं आणि मोबाईल दुरुस्त करणारे रशीदभाई, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, आणि मी, सुनंदा, भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. शेवटचा हजर मुंगळा, सहाच्या सहा पायांनिशी. विषय एकच: मुंगळ्याने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणे.

मी शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. हजेरी घेतल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही. तात्या मला 'क्लार्कबाई' म्हणत आणि माझ्या याद्यांना हसत, पण हरवलेली पक्कड शोधायला माझ्याकडेच येत. तेव्हा हजेरी झाली, आता तात्या.

तात्यांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. आमच्या गावातल्या एका अख्ख्या पिढीची लग्नं, बारशी आणि ओळखपत्रं त्यांच्या हातून गेली. स्टुडिओत मागे एक पडदा होता, त्यावर पेंटरने कपिलधारचा धबधबा रंगवलेला. निळा रंग इतका सढळ हाताने वापरलेला, की खरं कपिलधार बघायला गेलेली माणसं 'पडद्यावरचं जास्त बरं हाय' म्हणत परत यायची. निम्म्या गावाने त्या धबधब्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतलेत. माझाही आहे. मागे धो धो पाणी, पुढे माझी कडक इस्त्रीची कोरडी साडी.

तात्या एरवी मऊ बोलणारे. पण कॅमेऱ्यामागे गेले की एकच हुकूम: "हालू नका!" तो असा यायचा की नवरदेव श्वास घ्यायचे थांबत. फोटो हलला तर तात्यांना स्वतःचा अपमान वाटे. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, फोटो काढणारे वाढले आणि काढवून घेणारे संपले. तात्यांनी स्टुडिओचं शटर ओढलं, आणि तो पडदा, कॅमेऱ्याची तिवई आणि फिल्मच्या रोलच्या रिकाम्या डब्यांचं एक पोतं घेऊन घरी आले. मला वाटलं होतं, आता हे ओट्यावर बसून पेपर वाचणार. त्यांनी पंधरवडाभर वाचलाही. मग एक दिवस म्हणाले, "क्लार्कबाई, जन्मभर लोकायला हालू नका, हालू नका केलं. आता कायतरी हालवून बघावं म्हंतो."

आणि त्यांनी चालणारे रोबो बनवायला घेतले.

रोबो हा शब्द माझा. ते 'जनावर' म्हणत. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकले. लहान लहान मोटरी कुरिअरने मागवत. हुकूम द्यावा तेवढंच फिरून थांबणाऱ्या असतात त्या. एकेका पायाला दोन-तीन लागतात. पाय कधी पाण्याच्या पाइपाचे, कधी फोटोच्या फ्रेमच्या पट्ट्यांचे. तळवे म्हणजे फिल्मच्या डब्यांची काळी झाकणं, खाली जुन्या चपलेचं रबर चिकटवलेलं. वायरी जोडायचं नाजूक काम रशीदभाईंकडे. कपिलधारचा पडदा मधल्या खोलीत जमिनीवर अंथरलेला असायचा. जनावर घसरू नये म्हणून ही सोय. त्यामुळे तात्यांचं प्रत्येक जनावर आयुष्याचं पहिलं पाऊल धबधब्यात टाकी.

पहिलं जनावर दोन पायांचं होतं. त्याचं नाव 'नवरदेव', कारण ते नवे बूट चावत असल्यासारखं चाले. चाले म्हणजे उलटं चाले. बटण दाबलं की मागे मागे जात भिंतीला टेकायचं. रशीदभाई गुडघ्यावर बसून बघत होते. म्हणाले, "तात्या, टांगा उलट्या लावल्या तुमी. पूरा खोलना पडेगा."

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, जनावर उचललं, त्याच्या पुढच्या बाजूला चिकटवलेलं कागदाचं तोंड सोलून काढलं आणि मागच्या बाजूला डकवलं.

"हं. आता चालतंय का न्हाई सरळ?"

"ये चीटिंग है!"

"टांगा बराबर व्हत्या रशीदभाई. तोंड चुकलं व्हतं."

ही तात्यांची पद्धत. जिथे अडेल तिथे आधी पलीकडून बघायचं. मला ती पटत नाही. मी उलट्या टांगा सुलट्या केल्या असत्या. पण नवरदेव त्या दिवसापासून सरळ चालला, हे नोंदवायला हवं.

जनावर सुरू करायच्या आधी मात्र जुनी सवय. बटणावर बोट ठेवून ते बघ्यांवर नजर फिरवत आणि म्हणत, "हालू नका!" आम्ही खरंच हलत नसू. एकदा दूधवाला दारात आला तो एक पाय पायरीवर, एक खाली, असाच किटली धरून उभा राहिला. त्याच्या लग्नाचा फोटो तात्यांनीच काढलेला.

स्क्रू, नट, वायशर हे सगळं त्या फिल्मच्या डब्यांत. डब्या सगळ्या सारख्या, काळ्या. मला ते बघवेना. एका सुट्टीत बसून मी प्रत्येक डबीवर चिठ्ठी चिकटवली. तात्यांनी कौतुक केलं आणि एकही चिठ्ठी कधी वाचली नाही. डबी कानाशी धरून हलवायचे. "लेबल कशाला? आवाजावरून वळखतो मी. ह्ये बारके स्क्रू." एकदा उघडली तर काकूंचे वेलदोडे निघाले. काकूंनीही पोत्यातल्या चार डब्या स्वयंपाकघरात नेलेल्या होत्या, त्याचा हा परिणाम.

वेलदोडे इकडे आले म्हणजे स्क्रू तिकडे गेले असणार, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ते आलं खलबत्त्याचा आवाज आल्यावर. काकू पाहुण्यांसाठी चहाचा वेलदोडा कुटत होत्या.

त्या बत्ता हातात घेऊनच बाहेर आल्या. काकू सिरसाळ्याच्या. ठेंगणी मूर्ती, पण आवाज बाजारच्या दिवशीसुद्धा ऐकू जाईल असा.

"ह्ये काय हाय?"

तात्यांनी डोळे बारीक केले. "तीन नंबरचा स्क्रू."

"च्यात टाकनार व्हते मी ह्ये! आजपासून तुमची एक बी वस्तू माझ्या उंबऱ्याच्या आत येनार न्हाई. स्क्रू न्हाई, वायर न्हाई, जनावर तर न्हाईच न्हाई."

स्वयंपाकघराचा उंबरा ही त्या दिवसापासून हद्द झाली. तात्यांनी ती पाळली. पाणी प्यायला आत जाताना ते शर्टाचा खिसा बाहेर उलटा करून दाखवत, आणि काकू मान हलवून परवानगी देत.

एकदा दोघं सिरसाळ्याला काकूंच्या भाच्याकडे गेले, तेव्हा तात्यांनी चार पायांची 'शेळी' पिशवीतून नेली. कशाला, ते त्यांनाच ठाऊक. बाजारात खऱ्या शेळ्यांच्या रांगेजवळ त्यांनी ती खाली ठेवली, 'हालू नका' झालं, आणि शेळी टकटक करत निघाली. खऱ्या शेळ्या चार पावलं मागे सरल्या. शेळ्यांचा मालक, मोठ्या पटक्याचा म्हातारा, बिडी विझवून पुढे आला.

"दूध देती का?"

"न्हाई."

"कापता येती?"

"न्हाई वो."

"मंग कावून पाळली? चारा तर लागतच आसंल."

"चारा न्हाई लागत मामा. चार्जर लागतो."

म्हाताऱ्याने विचार केला. म्हणाला, "माझ्या धाकट्या पोराचं बी तसंच हाय." ही गोष्ट काकूंनीच मला सांगितली, आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पण तात्यांसमोर त्या कधी हसायच्या नाहीत. तात्या काही दाखवायला गेले की त्या म्हणत, "चाललं? बरं झालं. आता दळन आना." तात्यांना टाळ्या पुष्कळ मिळायच्या, शाळेत आम्ही त्यांना बोलावलं तेव्हा तर मुलांनी बाकं वाजवून छप्पर डोक्यावर घेतलं. पण घरी आल्यावर ते आधी स्वयंपाकघराकडे बघत, हे मी भिंतीपलीकडची असूनही मला माहीत होतं.

मग सहा पायांचा 'मुंगळा' आला, तात्यांचं सगळ्यात नवं जनावर. तो सपाट जमिनीवर चालायला लागला, तोच पुण्याला जायचं ठरलं. संदीप चांगला मुलगा आहे. आईचे गुडघे दुखतात, वडील वायरींशी खेळतात, दोघंच राहतात, याची त्याला काळजी वाटणं बरोबरच. फ्लॅट छोटा, त्यात त्याचं लेकरू रांगतं. त्याने फोनवर नीट समजावून सांगितलं, "तात्या, भांडी आणा, देव आणा, कपडे आणा. ती जनावरांची, मोटरी-वायरींची पेटी तेवढी नका आणू. बारकं सामान लेकरू तोंडात घालतं."

तात्या 'बरं' म्हणाले. तेवढंच. दोन दिवस त्यांनी एकही डबी कानाशी हलवली नाही. माझ्याकडे पक्कड मागायला आले नाहीत. पडदा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. तिसऱ्या दिवशी मी पीठ द्यायला गेले तर काकू ज्वारी निवडत होत्या आणि तात्या समोर बसून नुसते बघत होते.

काकू सुपातून नजर न उचलता म्हणाल्या, "सुनंदा, तू हायेस तर बरं झालं, साक्षीदार म्हनून ऐक. ह्या घरातलं जे हाय त्ये समदं पुन्याला येनार. संदीपला मी सांगते. आन जे घरातलं न्हाई त्ये हितंच ऱ्हानार."

"पेटी?" तात्यांनी विचारलं.

"त्ये मुंगळ्यावर हाय. मी ह्या घरात माप लवंडून आले. उंबऱ्यावर पाय दिला न्हाई, वलांडून आले. त्यानं बी तसंच यावं. माझ्या सैपाकघराचा उंबरा पाय न लावता वलांडला, तर तो घरातला. मंग पेटी बी घरातली."

"शकुंतला, अगं चालणारी समदी यंत्रं पायरीवर पाय द्यूनच चढतेत!"

"उंबरा ही काय पायरी हाय का?"

इथे मला थोडं समजावून सांगायला हवं. मुंगळ्यासारख्या यंत्राला आडवी आलेली वस्तू पार करायची तर सोपा रस्ता म्हणजे तिच्यावर चढणं. पाय वर ठेवायचा, अंग ओढायचं, पलीकडे उतरायचं. जगभर बनवणारे असंच बनवत असतील. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही ही अट त्यांना कुणी घातली नसणार. तात्यांना मात्र प्रत्येक पाय हवेतून सबंध पलीकडे न्यायचा होता, आणि तोवर बाकीच्या पायांवर तोल सांभाळायचा होता.

त्या संध्याकाळी पडदा पुन्हा अंथरला गेला. तात्यांनी माझ्या फूटपट्टीने उंबरा मोजला आणि सुताराकडून तेवढीच फळी आणली, कारण खऱ्या उंबऱ्यावर सराव करायला काकूंची मनाई. मांडीची हाडं म्हणावीत ते पायांचे वरचे भाग लांब केले. तिवईच्या नळ्या कापून वापरल्या. त्या कापताना त्यांनी क्षणभर हात थांबवला, मग कापल्या. पुढचे दोन पाय तिसऱ्या दिवसापर्यंत जमले. मधले दोन जमले. मागचा उजवा जमला. मागचा डावा जमेना.

"ह्याचं असं हाय क्लार्कबाई," ते बोटांनी जमिनीवर दाखवत म्हणाले. "समदे पलीकडं गेले की मागं ऱ्हातो ह्यो एकटा. ह्यो उचलला की अंग मागं दबतं. आन अंग दबलं की ह्यो खाली येतो. उचलतोय तेवढाच, पन उंबऱ्याला वाटतं खाली आला."

"मोटर बदला," रशीदभाई म्हणाले.

"बदलली."

"फिर से बदलो."

"मोटरीचं न्हाई त्ये. जाताना मागं वढ लागतीच."

रशीदभाईंनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. चहा मागितला.

फळीवर कधी जमायचं, कधी नाही. आणि मग तो रविवार आला, ज्याची हजेरी मी वर दिली आहे.

काकूंनी नेहमीप्रमाणे सकाळी उंबरा धुऊन पुसून त्याला हळदीकुंकू लावलं होतं. त्या दिवशी हळद जरा जास्तच ओली आणि जास्तच दाट वाटली मला. मग त्यांनी फिल्मची एक डबी आणली, त्यात तांदूळ भरले आणि उंबऱ्याच्या आतल्या कडेला मधोमध ठेवली.

"ह्ये काय? अडथळा वाढवता?" तात्या म्हणाले.

"माप हाय," काकू म्हणाल्या, आणि पदर सारखा करून आत पाटावर बसल्या.

संदीपने मोबाईल खिशात टाकला. तात्यांनी मुंगळा धबधब्याच्या वरच्या टोकाला ठेवला. चष्मा खाली घेतला. "हालू नका!"

कुणी हललं नाही. मुंगळा निघाला. उंबऱ्यापाशी थांबला. पुढचा उजवा पाय उंच उचलला आणि डबीला असा लागला की डबी आत कलंडली, तांदूळ काकूंच्या पायांपर्यंत पसरले. काकूंनी तोंडाला पदर लावला. मग पुढचा डावा पलीकडे. मधले दोन, एकामागून एक. मागचा उजवा. मुंगळा जरासा डुलला. संदीप नकळत गुडघ्यावर खाली बसला होता. मागचा डावा वर गेला, हवेत थरथरला, आणि पलीकडे तांदळात टेकला.

"गेला! गेला रे!" रशीदभाई ओरडले. संदीपने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

काकूंनी हात वर केला. मुंगळ्याला कडेने धरून उचललं आणि लहान मुलाचा पाय बघावा तसा त्याचा मागचा डावा पाय उलटा करून बघितला. काळ्या झाकणाच्या कडेला हळद लागलेली. पिवळीधमक. चिमूटभर.

"लागला," त्या म्हणाल्या.

संदीप आईकडे बघून म्हणाला, "आई, एवढंसं तर लागलंय." त्यानेच पेटी नको म्हटलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

"उंबरा ह्यो उंबरा हाय. एवढंसं आन तेवढंसं काय?"

तात्या हातातल्या रिमोटकडे बघत होते. मग म्हणाले, "त्याला जरा खाली ठिव बरं. उंबऱ्याकडं तोंड करून."

काकूंनी ठेवला. तात्यांनी रिमोटच्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं. मुंगळ्याने पुढचे दोन्ही पाय मुडपले, तोंड खाली नेलं, उंबऱ्यापुढे फरशीला टेकवलं, आणि पुन्हा उभा राहिला. चुकून कशाला पाय लागला की आपण हात लावून नमस्कार करतो, तसा.

काकू बघतच राहिल्या. "म्हंजे पाय लागनार हे ठाऊक व्हतं तुमाला!"

"न्हाई. पन तयारी ठिवावी लागती."

आणि काकू तात्यांसमोर हसल्या. सिरसाळ्याच्या शेळ्यांची गोष्ट सांगताना हसल्या होत्या तशा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पाटावर हात टेकून. "पाय लावला, पन पाया तर पडला! वळन लावलंय म्हनायचं!" तात्या इतके खूष झाले की चष्मा कपाळावर ढकलला आणि लगेच शोधायला लागले.

हसू ओसरल्यावर काकूंनी निकाल दिला. मी तो शब्दशः लिहून घेतला आहे. "पेटी येनार. हत्यारं येनार. डब्या येनार, पन झाकनाला दोऱ्या बांधून, लेकरासाठी. संदीप, माळ्यावर जागा कर. मुंगळा मातर येनार न्हाई. त्याचं अजून व्हायचंय. पुन्याच्या फ्लॅटात उंबरा कुठाय? समदी सपाट फरशी. तिथं कुनी बी चालंल. त्यो सुनंदाकडं ऱ्हाईल. ज्या दिवशी हळद न लागता वलांडंल, त्या दिवशी पुन्याला घिऊन ये."

निकालाविरुद्ध अपील झालं नाही.

टेम्पो बुधवारी आला. भांडी, देव, कपडे, पेटी, गुंडाळलेला कपिलधार. तात्या ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर दोऱ्या बांधलेल्या डब्यांची पिशवी. रशीदभाई चाकाकडे बघत उभे होते, जणू तेही दुरुस्त करायचं आहे. माझ्या लक्षात आलं, या माणसाने सगळ्या गावाचे फोटो काढले, माझ्याकडे त्यांचा एकही नाही. मी मोबाईल काढला आणि मोठ्याने म्हणाले, "तात्या, हालू नका!"

ते ताठ बसले. अगदी नवरदेवासारखे. गाडी सुरू झाली, मी बटण दाबलं, आणि नेमकं त्याच क्षणी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडून सांगितलं, "क्लार्कबाई, मागच्या डाव्याच्या आधी मधले दोन जरा पुढं सरकवून बघा!"

फोटो हललाय. चेहऱ्याच्या जागी एक पांढरी रेघ आणि उघडं तोंड, हाताच्या जागी पाच-सहा हात. मी तो पुसला नाही.

मुंगळा आता माझ्याकडे, मीटरच्या खालच्या फळीवर. माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा त्यांच्यापेक्षा बोटभर उंच आहे. काकूंना हे ठाऊक असणार असा माझा संशय आहे. रशीदभाई शुक्रवारी दुपारी येतात, आम्ही पोळपाट बाजूला सारतो आणि मधले पाय कधी पुढे, कधी मागे करून बघतो. उंबऱ्याला मी हळद दाट लावते. तात्या रविवारी फोन करतात. पुण्याच्या स्वयंपाकघराला उंबरा नसल्यामुळे त्यांची पेटी आल्या दिवशीच ओट्याखाली जाऊन बसली, आणि काकूंना हद्द कुठे आखावी ते अजून सुचलेलं नाही. आमची खुशाली ते शेवटी विचारतात. आधी एकच:

"झालं का?"

आजची यादी: दळण, आणलं. विजेचं बिल, भरलं. शाळेचे हजेरीपट, तपासले. मुंगळा, मागचा डावा: बाकी.